एकतिसांत एकही नाही

एकतीस रुग्ण आणि एकाचंही पित्त गळलं नाही? बुप्फाच्या मनात पाल चुकचुकली.

थायलंडमधल्या खोनकेनजवळच्या इस्पितळात नोंदी ठेवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. धाकट्या बहिणीच्या, लमदुआनच्या यकृतात गाठ निघाली होती. कर्करोगाची नव्हे, साधीच. पण आता पोटात रेटू लागलेली. गुरुवारी शस्त्रक्रिया. डॉक्टर थीरवत म्हणाले होते, "नुसती गाठ सोलून काढू. ज्यांच्या यकृताचा तुकडाच कापला, त्या चोवीस जणांत पाचांच्या जखमेतून पित्त गळलं. सोललेल्यांत एकाचंही नाही."

बुप्फाने फायली काढल्या. कापलेले सगळे दहा दिवस वॉर्डात. सोललेले चौथ्या दिवशी घरी, आणि पुढे नुसती फोनची नोंद: 'बरे आहेत.' एकतीस वेळा तेच. डॉक्टर काही दडवतायत का? उपोसथाचा, बौद्ध व्रताचा दिवस, कुणाबद्दल वाईट मनात आणू नये. तरी तिने सोललेल्यांच्या यादीतल्या पहिल्या बाईंना फोन लावलाच.

"मावशी, इस्पितळातून बोलतेय. कशा आहात?"

"बरी आहे गं बाळ. डॉक्टर फार गुणाचे."

ती फोन ठेवणारच होती. मग म्हणाली, "घरी गेल्यावर पोटावरचं कापड भिजायचं का? पिवळं?"

"थोडंसं. तालुक्याच्या दवाखान्यात तीन आठवडे पोटात नळी होती."

"मग आमचा फोन आला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"एवढी मेहनत घेतली त्यांनी, आणि बरं नाही म्हणू? माणसाने काही भीड ठेवावी की नाही?"

संध्याकाळपर्यंत अकरा फोन झाले. चौघांचं पित्त गळलं होतं.

डॉक्टरांच्या दारात तिचीही भीड आडवी आली. तरी तिने कागद पुढे केला.

"फोन करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. माहीत असलेल्याचा चेहरा असा उतरत नाही, तिला वाटलं. खात्री मात्र वाटेना.

"म्हणजे सोलणंच वाईट?"

"तेही माहीत नाही, डॉक्टर. अजून वीस जणांना विचारायचंय."

"ठीक. गुरुवारचं पुढे ढकलू. गाठ काही पळून जात नाही."

"तसं लिहून द्या."

"माझ्यावर विश्वास नाही, ताई?"

बुप्फाने मान खाली घातली; जागची मात्र हलली नाही. डॉक्टरांनी लमदुआनचा कागद ओढला, तारीख खोडली. सही होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.