गावपळणीत राहिलेलं मांजर

गावपळणीचा चौथा दिवस. साडेदहा वाजून गेले तरी देवाचा कौल आला नव्हता. तीन दिवस माळावर झोपड्या घालून राहिलेलं आमचं अख्खं गाव वेशीकडे तोंड करून बसलं होतं.

बाहेरच्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्याकडे तीन वर्षांनी एकदा देव गाव रिकामा करायला सांगतो. मग माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं. श्वास घेणारं काहीही आत ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी तेवढे देवळात जातात आणि देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून विचारतात, आता येऊ का? उजवी पाकळी पडली की घरी. एकही पडली नाही तर बसा.

एरवी बसलो असतो. चुलीवर पेज होती, गप्पांना तोटा नव्हता. पण वेशीवर पंचायत समितीची जीप उभी होती आणि जीपमधल्या विस्तार अधिकारी मॅडम बारा वाजता ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, निघणार होत्या.

त्या आल्या होत्या आमची अभ्यासिका बघायला. पटसंख्या नाही म्हणून शाळा बंद पडली, तेव्हा तिची मोठी खोली गावातल्या मुलांनी मागून घेतली. त्याआधी भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करायचा तर कुडाळला जायचं, आणि संध्याकाळची एसटी चुकली की मुलींना घरी बोलणी. आता तेवीस जणं इथेच बसतात. किल्ली माझ्याकडे. मी त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचे. शाळा गेली, मी राहिले. स्वतः सातवीपर्यंत, पण झाडू मारता मारता तिथलं बरंच वाचून काढलं आहे.

खोली एक वर्षाच्या बोलीवर मिळाली होती, ती मुदत आज संपत होती. वापरात आहे असा अहवाल आज ओरोसला पोचला तर कायमची, नाहीतर ती सुशांतला भाड्याने. सुशांतचा वॉटर स्पोर्ट्सचा धंदा. लाइफ जॅकेटं ठेवायला त्याला जागा हवी होती. तो वाईट नाही. सकाळीच मला चहा आणून देत म्हणाला, "काकी, माझ्याकडे पोरांका पगार तरी मिळता. वाचून आजून कोण तलाठी झालो?"

मी चहा घेतला. माझं लक्ष त्या बंद खोलीकडे होतं.

गाव सोडायच्या सकाळी मी खोली झाडायला गेले, तर पुस्तकांच्या खालच्या फळीवर, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात मांजरी व्यायली होती. तीन पिल्लं, डोळे मिटलेली. हात लावला तर ती पिल्लांना तोंडात धरून खिडकीतून कुठेतरी नेणार आणि एखादं वाटेत टाकणार, हे मला ठाऊक. बाहेर टेम्पो वाजत होता. मी दूधभाताची वाटी ठेवली, खिडकीचं एक दार उघडं सोडलं आणि कुलूप लावलं. देवाला मनात म्हटलं, एवढं चालवून घे.

त्याने चालवून घेतलेलं दिसत नव्हतं.

मॅडमनी घड्याळ बघितलं. त्या आधी एकदा म्हणाल्या होत्या, आता दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मी बाहेरगावची आहे. मी एकटी जाऊन बघून येते ना." चार माणसं जीपसमोर उभी राहिली. कोणी आवाज चढवला नाही, पण ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग मला 'खोली बंद आढळली' असं लिहावं लागेल."

आकांक्षा माझ्या शेजारी उभी होती. दाजींची नात. दाजी म्हणजे मुख्य मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालणारे. पोलीस भरतीत ही दोन गुणांनी राहिली आणि त्यानंतर रोज पहाटे माझ्या दारात किल्लीसाठी उभी. तिने माझा हात धरला. तळवा ओला होता.

"काकी, किल्ली दी. मी मॅडमांका घेवन मागल्या पाणंदीन जातंय."

"आणि मग दाजी देवासमोर खंयच्या तोंडान उभे ऱ्हवतले?"

तिने हात सोडला नाही.

सव्वाअकराला दाजी स्वतः वेशीवर आले. धोतर भिजलेलं, चेहरा उतरलेला. त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"दोन्ही पाकळे चिकटान ऱ्हवले. आत कायतरी जितां ऱ्हवलाहा. कोणाचां ता सांगा."

सगळे आपापल्या कोंबड्या मोजायला लागले. कोणी कोणाच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव घेतलं, त्यावरून जुनं भांडण निघालं. आकांक्षा जमिनीकडे बघत होती. मी पुढे झाले. सांगितलं, तर गाव म्हणणार, अभ्यासिकेने देव अडवला. मग अहवाल कसाही असो, त्या खोलीत पोरांना कोणी पाठवणार नाही. नाही सांगितलं, तर बारा वाजणार.

"मी ठेवलंय," मी म्हटलं. "अभ्यासिकेत. मांजर आसा, बाळंतीण."

मागून कोणीतरी हसलं. बाकी कोणी हसलं नाही. बायकांतल्या यशोदावैनी म्हणाल्या, "वाचून वाचून इतकी अक्कल इली?" सुशांतने मान दुसरीकडे वळवली. दाजी माझ्याकडे बघत राहिले, मला वाटलं, आता हे किल्ली मागणार.

"जेणी ठेवल्यान तेणीच भायर काढूचां," ते म्हणाले. "जा."

मी पाऊल उचललं आणि थांबले. "दाजी, एकटी गेलंय तर ती खिडकीतसून पळतली. एक पिल्लां धरूक, एक खिडकी लावूक. दुसरां माणूस व्हयां." मी जीपकडे बघितलं. "गावातलां नको. बाहेरचां चलात?"

दाजींनी जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मांजर काढूक," ते म्हणाले. "दुसऱ्या कशाक नाय."

मॅडम आधीच खाली उतरल्या होत्या.

रिकाम्या गावातून चालताना स्वतःच्या चपलांची लाज वाटते, इतक्या वाजतात. मी कुलूप काढलं. मॅडमनी खिडकी लावली आणि मग खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. बाकांवर चिकटवलेली नावं. भिंतीवर भरतीच्या तारखा, काही लाल पेनने खोडलेल्या. कोपऱ्यात शंभर-दीडशे सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा ढीग. मॅडमनी वरची उचलली, पाहिली, परत ठेवली.

मी फळीपाशी बसले आणि तिथे वाट्या दोन होत्या. एक माझी ॲल्युमिनियमची. दुसरी स्टीलची, काठावर दाजींच्या घराचं नाव कोरलेलं. माझ्यानंतर कोणीतरी खिडकीतून आत उतरलं होतं, आणि ते कोण, हे मला ओल्या तळव्यावरून कळायला हवं होतं.

पिल्लं बरोबर आणलेल्या टोपलीत घातली, मांजरी आपणच मागून उडी मारून आत बसली. स्टीलची वाटी मी फडक्याखाली सरकवली.

वेशीवर दाजींनी टोपलीत वाकून पिल्लं मोजली. फडकं थोडं सरकलं होतं. वाटीचा काठ उन्हात चमकला. दाजींचा हात तिथे थांबला. मग त्यांनी फडकं नीट ओढलं, जसं बाळाला घालतात तसं, आणि एकदाच आकांक्षाकडे बघितलं.

"तीन आणि आई," ते मोठ्याने म्हणाले. "झाला." आणि देवळाकडे वळले.

मॅडमनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. पोरांना ओळीत उभं करून मोजलं, तेवीस. मी लांबून वाचलं: खोली नियमित वापरात, पंख्याची आवश्यकता. पावणेबाराला जीप गेली.

कौल आला तेव्हा साडेबारा झाले होते. मला देवाला नारळ आणि वर्षभर देवळाचं अंगण झाडायची शिक्षा पडली. झाडायचं मला नवीन नाही. गाव धावत आत शिरलं. मी शेवटी, टोपली घेऊन. आकांक्षा माझ्याबरोबर चालत होती.

"काकी, वाटी," ती हळूच म्हणाली.

"आसां दे थंयच," मी म्हटलं. "रोज लागतली." आणि तिच्या हातात किल्ली दिली.