मुकुंदरावांचा ठिपका

मुकुंदराव पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढत होते. निवृत्त झाल्यावर त्यांना जमिनीचा कंटाळा आला आणि त्यांनी आकाशाकडे लक्ष वळवलं. आकाशाला याची कल्पना नव्हती. त्यांनी दुर्बीण घेतली, तिला लावायला कॅमेरा घेतला, ताऱ्यांच्या मागे दुर्बीण फिरवणारी मोटार घेतली. सोबत एक जाड माहितीपुस्तिका आली होती. ती त्यांनी उघडली नाही, कारण पुस्तिका नवशिक्यांसाठी असते, असं त्यांचं मत होतं. या छंदात ते सात महिन्यांचे जुने होते.

संभाजीनगरच्या सिडकोतल्या दिव्यांमुळे घरावरून तारे दिसेनात, म्हणून त्यांनी दौलताबादला बद्रीनाथच्या घराची गच्ची धरली. बद्रीनाथची तिथं चार एकर अंजिराची बाग होती आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीही. शनिवारी तो दुर्बिणीची तिपाई आणि बॅटरी गच्चीवर चढवायचा आणि मुकुंदराव त्याला विश्व समजावून सांगायचे.

"हे तुझ्या डोक्यावरून जाईल, बद्रीनाथ, पण ऐक," असं म्हणून ते सुरुवात करत. बद्रीनाथ "व्हय साहेब" म्हणून ऐके. कारखान्यात तो नेमकं काय करतो, हे विचारायचं मुकुंदरावांना कधी सुचलं नव्हतं. विश्व मोठं असल्यामुळे तेवढा वेळ उरत नसे.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांनी मृग नक्षत्राच्या एकाच तुकड्याचे, तीन-तीन मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून, चाळीस फोटो काढले. रविवारी सकाळी ते संगणकात घातले. संगणक प्रत्येक फोटो जरासा सरकवतो आणि सगळ्या फोटोंतले तारे बरोबर एकमेकांवर बसवतो. मग फोटो एकामागून एक पळवले, की जे जागचं हलतं ते लगेच डोळ्यात भरतं.

तारे जागच्या जागी उभे होते आणि त्यांच्यामधून एक पांढरा ठिपका सरळ रेषेत चालला होता.

"भानू! भानू, इकडे ये!"

त्यांच्या पत्नी भानुमतीबाई शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. हात पुसत आल्या, ठिपका पाहिला आणि म्हणाल्या, "विमान असेल."

"विमानाला दिवे असतात. उपग्रह असता तर रेघ उमटली असती. हा लघुग्रह आहे." त्यांनी तासभर जगभरच्या ज्ञात लघुग्रहांची यादी धुंडाळली. त्या जागी, त्या वेळी, यादीत काहीच नव्हतं. याचा एक अर्थ असा होऊ शकत होता, की तिथं खरोखरच काही नव्हतं. मुकुंदरावांनी दुसरा अर्थ घेतला.

दुपारपर्यंत बातमी तात्यासाहेबांकडे गेली. तात्यासाहेब शहरातल्या खगोलप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी दुर्बिणीतून शेवटचं कधी पाहिलं, ते मंडळात कोणालाच आठवत नव्हतं. पण सत्कार त्यांच्याइतका झटपट कोणी उरकत नसे. संध्याकाळी फोन आला. "क्रांती चौकाजवळचं सभागृह सांगितलंय. पुढचा रविवार. शाल, श्रीफळ, मानपत्र. ग्रहाला नाव काय देताय?"

"अजून खात्री करायची आहे, तात्यासाहेब."

"ती करत राहा. मंडळाच्या संस्थापकांचं नाव सुचवू का?"

संस्थापक तात्यासाहेबच होते. मंगळवारी एका वर्तमानपत्रात 'संभाजीनगरकराने शोधला नवा ग्रह' असं छापून आलं, सोबत शनीचं चित्र. कॉलनीतले लोक मुकुंदरावांना थांबवून विचारू लागले, की हा ग्रह कोणत्या राशीला वाईट. मुकुंदराव रागावून "कोणत्याच नाही" म्हणत, पण थांबत मात्र सगळ्यांसाठी.

"गच्ची बद्रीनाथची आहे. त्याला आमंत्रण द्यायला नको?" असं भानुमतीबाईंनी विचारलं, म्हणून बद्रीनाथला बोलावणं गेलं. गुरुवारी कारखान्यातून सुटल्यावर तो अंजिरांची परडी घेऊन घरी आला. मुकुंदरावांनी मोठ्या मनानं त्याला ठिपका दाखवला.

बद्रीनाथनं तो तीनदा पाहिला. मग हळूच म्हणाला, "साहेब, एक बोलू का? राग नाय ना येणार?"

"बोल की."

"तारे जुळवायच्या आधीचे फोटू दावा ना. कॅमेऱ्यातून निघाले तसेच."

मुकुंदरावांनी दाखवले. बद्रीनाथनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "आता पुढचा लावा." पुढचा लागला. बोट तिथंच, ठिपका तिथंच. असे चाळीस फोटो झाले. ठिपका तसूभर हलला नव्हता. हलत होते ते तारे.

"तुमची मोटार जरा वाकडी बसलीय, म्हून तारे सरकत्यात. संगणकानं तारे जाग्यावर आणायला फोटू सरकवले, तर ठिपका चालल्यावानी दिसला," बद्रीनाथ म्हणाला. "आमच्या लायनीवर कॅमेऱ्यानं पार्ट तपासत्यात, ते काम माझ्याकडंच हाय. कॅमेऱ्यातला एखादा कण, पिक्सेल म्हणत्यात त्याला, बिघडला, की चांगल्या पार्टावर बी डाग दिसतो. मग आम्ही आधी झाकण लावून फोटू काढतो. झाकणातून डाग दिसला तर डाग कॅमेऱ्याचा."

"कॅमेरा नवा आहे," मुकुंदराव म्हणाले.

भानुमतीबाई आतून कॅमेरा घेऊन आल्या. त्यांनी झाकण घट्ट लावलं, कॅमेरा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तीन मिनिटांचा फोटो काढला. सगळं काळंभोर आलं आणि त्यात, नेमक्या त्याच जागी, मुकुंदरावांचा ग्रह.

मग भानुमतीबाईंनी ती पुस्तिका आणली. झाकण लावून फोटो काढायची सूचना चौथ्या पानावर होती.

मुकुंदरावांनी तात्यासाहेबांना फोन लावला. "तात्यासाहेब, तो ठिपका आकाशातला नाही. कॅमेऱ्यातला आहे."

"अहो, पाहुणे ठरलेत. शाल आणलीय," तात्यासाहेब म्हणाले. "रविवारपर्यंत आकाशातला राहू द्या. सोमवारी उतरवा."

शुक्रवार-शनिवार मुकुंदरावांना जेवण गेलं नाही. गप्प बसणं सोपं होतं. ठिपका काही तक्रार करणार नव्हता. पण बद्रीनाथची नजर आठवली, की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. बिचारा चूक दाखवताना स्वतःच ओशाळला होता.

रविवारी सभागृह भरलं. तात्यासाहेब चाळीस मिनिटं बोलले, त्यातली पस्तीस मंडळावर. मग मुकुंदराव उठले.

"मी काहीही शोधलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या कॅमेऱ्यात बिघाड होता. तो मला कळला नाही. हे समोर बसलेत त्या बद्रीनाथरावांना कळला. मी त्यांना सात महिने विश्व शिकवत होतो. सत्कार करायचाच तर त्यांचा करा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुण्यांनी उठून त्यांना मिठी मारली. "बघा! एवढा मोठा शोध आणि श्रेय दुसऱ्याला! याला म्हणतात विनय!" शाल मुकुंदरावांच्याच खांद्यावर पडली. ते "अहो, खरंच" म्हणत राहिले आणि टाळ्या वाढत गेल्या. सोमवारच्या बातमीत त्यांना 'निगर्वी संशोधक' म्हटलं होतं. त्यांनी खुलाशाचं पत्र पाठवलं. ते आतल्या पानावर दोन ओळींत आलं, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीखाली.

पुढच्या शनिवारी दौलताबादच्या गच्चीवर तिपाई मुकुंदरावांनी स्वतः चढवली. धाप लागली, पण चढवली. बद्रीनाथनं मोटार सरळ केली, आधी झाकण लावून फोटो काढले आणि कुठले कण दगा देतात ते कागदावर लिहून ठेवलं. मुकुंदरावांनी प्रश्न विचारले. काही उत्तरं त्यांच्या डोक्यावरून गेली.

मार्चमध्ये पुन्हा एक ठिपका सापडला, अगदी फिकट. जुळवायच्या आधीच्या फोटोंत तो हलत होता. झाकण लावल्यावर दिसत नव्हता. दोघांनी यादी उघडली आणि त्या जागी, त्या वेळी, एक लघुग्रह होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणी तरी शोधलेला.

मुकुंदरावांनी गच्चीवरूनच घरी फोन लावला. "भानू, सापडला!"

"नवा?"

"नाही गं, जुनाच. पण आहे!"

मागून बद्रीनाथचा आवाज आला, "वहिनी, यावेळी लई पक्कं हाय. तेवढं तात्यासाहेबांना सांगू नका."