दोनदा एन्टर

बाबा गेल्यावर आईने सायकलींचं दुकान व्यवस्थित सांभाळलं, एक वेबसाइट सोडून. भाड्याच्या सायकली लोक तिथूनच ठरवतात. बाबांनी ती स्वतः शिकून लिहिली होती आणि एकेका फाइलीत आकडेमोड, वेळा, गिऱ्हाइकांशी गप्पा असं सगळं पिठात मीठ कालवावं तसं कालवून ठेवलं होतं. रविवारीही दुकान उघडायचं ठरल्यावर आई ‘रविवारी बंद’ एवढंच खोडायला गेली. त्याबरोबर एक अवतरणचिन्ह खोडलं गेलं आणि अख्खं पान पांढरंफटक पडलं. मी फोनवरून ते परत उभं केलं, तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं, मी त्याला पुसून टाकलं.” त्यानंतर तिने वेबसाइटला हात लावला नाही. रविवारी दुकान उघडं आणि वेबसाइटवर बंद, असंच चाललं होतं.

“ताई टायर बदलते, पण शब्द बदलायचा म्हटलं की पळ काढते,” मामा म्हणाला. मामा म्हणजे दुकानातला मेकॅनिक आणि आईचा धाकटा भाऊ. त्यामुळे तो दोन्ही नात्यांनी बोलणी खातो.

आईला स्वतःच्या दुकानाबद्दल स्वतः लिहिता यावं म्हणून मी सुट्टी घेऊन आले. कोड एका बाजूला, पानांचे साचे दुसऱ्या बाजूला. साच्यात साधा मजकूर, आणि मधेमधे कोडने उत्तर भरायच्या लहान जागा.

“म्हणजे दुरुस्ती मागे आणि काउंटर पुढे,” आई म्हणाली. “बरोबर आहे. तुझा बाबा कायम काउंटरवरच चाक उघडून बसायचा. गिऱ्हाइकाच्या कोपराला ग्रीस.”

फायली वेगळ्या करताना मजा येत होती. सायकल किती वाजता परतणार हे मोजता मोजता बाबा मधेच गिऱ्हाइकाला घंटी वाजवून बघायला सांगत. मी आकडेमोड आत ठेवली, घंटी बाहेर काढली. सगळं जुळलं, आणि मामाने हौसेने एक सायकल स्वतःच्या नावावर ठरवली.

‘सायकल ठरली’ हे पान आलंच नाही. त्याऐवजी पडद्याच्या माथ्यावर चूक झाल्याची सूचना उमटली.

“घ्या!” मामा म्हणाला. “आता भाचीनेही पुसलं.”

आईने खुर्ची मागे सरकवली. “राहू दे गं. होतं तसंच ठेव. रविवारचं मी दारावर लिहीन.”

“आई, दोन मिनिटं बस.”

दोष लवकरच सापडला. बाबांच्या प्रत्येक फाइलीत कोड संपल्याची खूण होती आणि तिच्याखाली दोनदा एन्टर. पहिला एन्टर कोडची भाषा गिळून टाकते. दुसऱ्याची रिकामी ओळ पानावर जाते. पूर्वी या फायली पानाच्या मध्यावर यायच्या, तिथे एक ओळ कोणाला दिसणार? आता त्या सर्वांत आधी येत होत्या. म्हणजे पान निघायच्या आधीच ती रिकामी ओळ निघायची, आणि एकदा काहीतरी निघालं की गिऱ्हाइकाला दुसऱ्या पानावर नेता येत नाही.

“पण दोनदा कशाला?” मी म्हटलं.

आईने बोटाने टेबलावर टकटक केलं. “काम झालं की पाना असाच आपटायचा. दोनदा. त्याशिवाय सायकल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही.”

मामा हसायला लागला, मग आईही.

नुसत्या कोडच्या फाइलीला शेवटची खूण लागतच नाही. मी ती सगळीकडून काढली, तिच्याखालच्या ओळीही काढल्या. मामाची सायकल ठरली. मग पहिल्या पानाचा साचा उघडून मी कीबोर्ड आईपुढे सरकवला. त्यात वरच बाबांचं वाक्य होतं: ‘वाकडी चाकं सरळ करून मिळतील. वाकड्या माणसांची हमी नाही.’

“हे मोडेल?”

“मोडून बघ.”

तिने ‘रविवारी बंद’ खोडलं. पान जागच्या जागी होतं. तिने ‘रविवारी उघडं’ लिहिलं, पान तसंच. मग चष्मा सारखा करून ती बाबांच्या वाक्याखाली टाइप करू लागली, एका बोटाने, ओठ मुडपून.

“ताई, काय लिहितेस एवढं?”

“तू चाकं बघ.”

पान ताजं केल्यावर मामाने मोठ्याने वाचलं: ‘वाकड्या माणसांनी रविवारी यावं. मालकीणबाई स्वतः बघतील.’

“आता उठ,” आई मला म्हणाली. “मला अजून लिहायचंय.”