क नमुन्याचा अर्धा गुण

बसचालकांच्या अंगावरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट उतरायला अकरा वर्षं लागली. दर उन्हाळ्यात ते अर्ज करत, दर उन्हाळ्यात कंपनी विचार करत असे, आणि विचार पुरा व्हायच्या आत हवा गार होई. यंदा मात्र एक चालक भर चौकात चक्कर येऊन स्टिअरिंगवर आडवा झाला. हॉर्न दहा मिनिटं वाजत राहिला आणि तो एकदाचा कंपनीच्या वरच्या मजल्यावर ऐकू गेला. फर्मान निघालं: शर्ट अर्ध्या बाह्यांचा, घाम सोसणारा आणि झोकदार असावा, चालकांनी तो स्वतः पसंत करावा.

हा कागद कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आला तेव्हा साहेबांनी तो नाकाजवळ धरून दोनदा वाचला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"बाई, झोकदारपणाचं एकक काय हो?"

"नाही साहेब तसं काही."

"मग कळवा तसं."

बाईंनी कळवलं. त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं होत्या आणि नसलेली गोष्ट नाही म्हणून कळवण्यात त्यांचा हातखंडा होता. मग ठरलं ते असं. चार शिंपी शर्टांचे नमुने देतील. एक संच डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत टांगायचा. साठ चालक घालून बघतील, आरशात मिरवतील आणि मत टाकतील. दुसरा संच प्रयोगशाळेत. इथे जो नापास तो बाद. उरलेल्यांत ज्याला जास्त मतं त्याला सगळं काम.

"साहेब, एक सांगायचंय. चारांतला एक माझा नवरा आहे."

"नमुन्यांवर नावं नाहीत. अ, ब, क, ड. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"तरी पण..."

"तरी पण काय? माझ्या डोळ्यांना आता पांढरं आणि पिवळं एकच. तुम्ही नाही वाचणार तर कोण, तो पंखा?"

बाईंचा नवरा म्हणजे मास्तर. सव्वीस वर्षं एकाच गल्लीत, एकाच पाटीखाली शिवत होते. पण लोक आता शर्ट शिवून घेत नव्हते, तयार उचलत होते. दुकानातल्या तीन मशिनींपैकी दोनांवर चादरी पडल्या होत्या. मास्तरांचा चुलतभाऊ, ज्याला सगळे धाकटाच म्हणत, त्याचा शहराबाहेर मोठा कारखाना होता. हाताखाली चाळीस माणसं. कात्री धरायला तो शिकला मास्तरांकडे आणि वेगळा झाला तो साधा निरोपही न घेता. हल्ली तो येता-जाता म्हणायचा, "दादा, दुकान बंद कर आणि ये माझ्याकडे. कटिंगला बसवतो. पंख्याखाली." मास्तर म्हणत, बघू. हे काम मिळालं नाही तर पावसाच्या आत बघावंच लागणार होतं. चारांतला एक नमुना त्या धाकट्याचाही होता.

घरात नवराबायकोने ठरवलं होतं की या विषयावर बोलायचं नाही. ते पाळणं मास्तरांना जड जात होतं.

"बाही कोपराच्या किती वर ठेवली ते तरी विचार."

"नाही विचारणार."

"दोन बोटं का चार बोटं, एवढंच."

"अहो, तुम्ही जेवा बघू."

नमुने आले तेव्हा बाईंनी पाकिटं ओळीने फोडली. अ लालभडक. ड चांगला, पण पाण्यातून काढला तर आटून पोराच्या मापाचा होईल असा हाताला लागत होता. ब बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. कॉलर एका रंगाची, अंग दुसऱ्या रंगाचं, खिसा तिरका, बाहीला उलटी दुमड आणि दुमडीला बटण. कोण हा नटवा, असं त्या मनात म्हणाल्या. पंचावन्न वर्षांच्या चालकाने हे घालून कुठे जायचं, लग्नाला?

मग क. साधा, फिक्या निळ्या रंगाचा, आणि बगलेत चौबगला.

चौबगला म्हणजे बाही आणि अंग जिथे मिळतं तिथे बसवलेला चौकोनी तुकडा. तो असला की हात कितीही वर केला तरी शर्ट कमरेतून उपसून येत नाही. दिवसभर मोठं चाक फिरवणाऱ्याला याहून मोठी दया नाही. पण त्याची चार टोकं बसवायला हात लागतो. एक टोक चुकलं की सगळी बगल आवळते. या शहरात तो बसवणारा एकच माणूस बाईंना माहीत होता आणि सकाळी त्याच माणसाचा डबा त्यांनी भरून दिला होता.

त्या क्षणी उठून साहेबांकडे जायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण मग सगळे नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाणार, महिनाभर पडून राहणार, आणि चालकांचा बारावा उन्हाळा पूर्ण बाह्यांत जाणार. शिवाय बाईंचा स्वतःवर विश्वास होता. थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतो हे ठाऊक असेल तर तो कुणी फेकून देत नाही. अर्धा वजा करतात आणि काम चालू ठेवतात.

या प्रयोगशाळेत घाम बाटलीत बनतो. मीठ, पाणी, मोजून घातलेली दोन-तीन रसायनं. एक घाम किंचित आम्ल, ताजा सुटलेला असावा तसा. दुसरा अंगावर मुरलेला, अल्कलीकडे झुकलेला. कापडाचा तुकडा पांढऱ्या पट्टीला शिवून त्यात बुडवायचा, दोन काचांमध्ये वजनाखाली दाबायचा आणि सदतीस अंशांवर चार तास ठेवायचा. मग पांढऱ्या पट्टीवर किती रंग उतरला ते राखाडी छटांच्या एका ठरलेल्या पट्टीशी ताडून बघायचं. पाच गुण म्हणजे काहीच उतरला नाही, एक म्हणजे सत्यानाश. चारला पास. मधले अर्धे गुणही देता येतात. हे सगळं यंत्रावर होतं, फक्त शेवटचं बघणं डोळ्यांनी. आणि डोळ्यांच्या मागे माणूस असतो.

अ ला दोन. त्याच्या पट्टीकडे बघून वाटलं कुणाचं तरी बोट कापलंय. ड रंगाला पास, पण धुतल्यावर अपेक्षेप्रमाणे आटला. ब ला चार, अगदी स्वच्छ चार. बाईंनी तो नाखुशीने लिहिला.

क ची पट्टी त्यांनी खिडकीपाशी नेऊन बघितली, दिव्याखाली बघितली, डोळे धुऊन परत बघितली. चार दिसत होते. पण दिसणारच, त्यांनी स्वतःला बजावलं. सव्वीस वर्षांचा संसार आहे. त्यातून अर्धा वजा केला आणि वहीत लिहिलं: साडेतीन. नापास.

 घरी जाताना आपण सरळ वागलो याचं एक बारीक समाधान आत होतं, आणि पुढे त्यांना त्या समाधानाचीच जास्त लाज वाटली.

चार दिवसांनी संध्याकाळी बाई दुकानावरून गेल्या तर दोन्ही मशिनींवरच्या चादरी निघाल्या होत्या. मास्तर तेलाची पिचकारी घेऊन जमिनीवर उकिडवे बसले होते आणि शीळ घालत होते. लग्नानंतर त्यांनी शीळ घातलेली बाईंना आठवत नव्हती.

"आलं पत्र! आपला नमुना पास. बाकी तिघं गारद. आता तरी बोलू ना?"

"पास?" बाई दारातच थांबल्या. "कुठला?"

"कुठला म्हणजे? ब! तिरका खिसा. बघितला असशील की. झोकदार म्हणाले ना, म्हटलं, एकदा आयुष्यात मनासारखं शिवू." मास्तर लाजले. "सव्वीस वर्षं लोकांनी सांगितलेलं शिवतोय. दुमडीचं बटण कसं वाटलं?"

बाईंनी उलट विचारलं, "आणि चौबगला?"

"तो मी कशाला घालू? मागे तूच नाही का म्हणालीस, घाम सगळ्यात जास्त तिथे आणि जोडही तुम्ही तिथेच वाढवता. म्हटलं, बायको तपासणीस आहे, कधी नव्हे ते ऐकावं."

"मग क मध्ये..."

"धाकट्याचा असेल. माझ्याकडेच शिकला तो. नमुन्यापुरता एखादा बसवला असेल हाताने." त्यांनी वर बघितलं. "काय गं? तोंड का असं?"

बाई स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. थर्मामीटरसकट.

मास्तरांनी पिचकारी खाली ठेवली.  मग म्हणाले, "म्हणजे माझा समजून तू त्याला पाडलंस."

"हो."

"आणि माझ्याला, परक्याचा समजून, पुरे गुण दिलेस."

"ते पुरेच होते. तुमचा चारच आहे."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं," मास्तर म्हणाले. "काखेवरून नवरा ओळखायचा आणि तोही चुकीचा, हे नवीन आहे." ते हसले नाहीत. "मग आता?"

"उद्या साहेबांना सांगते."

"मतं मोजलीत त्यांनी. साठांत एक्केचाळीस क ला आहेत, पत्रातच लिहिलंय. तू सांगितलंस की काम त्याचं."

"माहीत आहे."

"आणि मी पंख्याखाली."

 मास्तरांनी एक चादर उचलली, झटकली आणि मशीनवर न घालता घडी करत बसले. शेवटी म्हणाले, "सांगशीलच तू. विचारतेस कशाला?" बाईंनी खरं तर विचारलं नव्हतं.

साहेबांनी ऐकून घेतलं, मग कान खाजवला.

"बाई, पुन्हा सांगा. नवऱ्याचा अर्धा गुण वाढवलात?"

"कमी केला साहेब. आणि तो नवरा नव्हता."

"माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत..."  वहीला टाचलेल्या ब आणि क च्या पट्ट्या त्यांनी काढल्या आणि शेजारच्या रंगाच्या कारखान्यातल्या तपासणिसाला बोलावून, काहीही न सांगता, त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने दोन मिनिटांत दोन्हींना चार दिले आणि चहा घेऊन गेला.

ताकीद देणं भाग होतं. त्याचा छापील कागद होता. पण त्यात चुकांच्या प्रकारांखाली 'नातेवाइकास लाभ पोहोचवणे' एवढंच होतं. नातेवाइकाला बुडवायला जाऊन तारणे, हा रकाना कुणाला सुचला नव्हता. साहेबांनी पेन बराच वेळ हवेत धरलं आणि 'इतर' वर खूण केली.

"हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले. "गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला," बाई म्हणाल्या. आणि शर्टांच्या या कामातलं पुढचं काहीही माझ्याकडे देऊ नका, असं त्यांनी लिहून दिलं.

काम धाकट्याला गेलं. मास्तरांनी एका मशीनवर चादर घातली, दुसरीवर घालायची ठेवली. बाईंशी ते बोलत होते, पण मोजून: मीठ दे, दार लाव, येतो. ब नमुना त्यांनी दुकानात आतल्या खुंटीवर टांगला होता. एकदा बाई डबा द्यायला गेल्या तेव्हा ते तो अंगात घालून आरशासमोर उभे होते. बाई पायरीवरूनच मागे फिरल्या आणि मुद्दाम खोकून परत आल्या. शर्ट त्यांना शोभत होता, हे मात्र बाईंनी नीट बघून घेतलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी धाकटा स्वतः आला. हातात पिशवी, कपाळावर घाम, अंगात कारखान्यातला पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाई तेव्हा दुकानातच होत्या.

"या कारखानदार," मास्तर म्हणाले. "पंखा घेऊन आलात?"

"दादा, टोमणे नंतर मार." त्याने पिशवी टेबलावर उलटी केली. आठ-दहा निळे शर्ट पडले. प्रत्येकाची बगल सुरकुतलेली, एकीचं टोक तर उघडंच. "चाळीसांतल्या एकालाही जमत नाही. मशीनवर सरळ शिवण घालणारे सगळे. कोपऱ्यावर सुई फिरवायची म्हटलं की घाबरतात. एकशेवीस शर्ट द्यायचेत, पंधरा दिवसांत."

"तुला येतो की."

"मी एकटा किती बसवू? आणि विसरलोय अर्धा. वहिनी, तुम्ही तरी सांगा ना याला."

"मी काही सांगत नाही," बाई घाईघाईने म्हणाल्या. "माझं सांगणं महागात पडतं."

मास्तरांनी एक शर्ट उचलला, बगल उलटी केली आणि टोकावरून अंगठा फिरवला. तोंडाने च् च् केलं. "कापड तिरकं कापलंय. कुणी शिकवलं तुला?"

"तूच," धाकटा म्हणाला.

"मी असं नव्हतं शिकवलं." शर्ट त्यांनी खाली ठेवला. "बघ, तुझ्या कारखान्यात मी येणार नाही. अंग आणि बाह्या तू शिव. बगल इथे बसेल, या दुकानात. माल आणायचा तू, न्यायचा तू. माणूस पाठवायचा नाही."

"रोज? मला चाळीस माणसं बघायची असतात दादा."

"मग बगला आवळलेलेच दे. चालक काय ते बघून घेतील."

धाकट्याने बाईंकडे बघितलं. बाई भिंतीकडे बघत होत्या. "येतो रोज," तो म्हणाला. मग जाता जाता खुंटीकडे बोट केलं, "हा कुणाचा? भारी आहे. मला एक दे ना असा."

"माप देऊन जा," मास्तर म्हणाले. "शिवून मिळेल. वेळ लागेल."

तो गेल्यावर मास्तरांनी मशीनवरची चादर ओढून काढली, खुर्ची सरकवली आणि पहिली बगल उसवायला घेतली. बाई समोर बसून धागे वेचू लागल्या. 

"टिकेल का गं शिवण?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं. "एवढा घाम तिथे."

"तपासावी लागेल."

"मग तपास की."

"मी नाही," बाई म्हणाल्या. "लेखी दिलंय."