गार चुलीचं कौतुक

मित्रांनो, कोणाच्याही घरी गेलात की तुम्ही आधी स्वयंपाकघरात डोकावता. जिना उतरून तळघरात कोणी येत नाही. म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी तेलाची टाकी आहे. पोलादी अंग, चार आखूड पाय, आणि अंगावर राखाडी रंग, तोही आता पोपडे धरलेला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेला, सेंट जॉन नदीच्या काठी, लेओनीद आणि झेलिया डेगल यांच्या घराखाली मी उभी आहे. नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बटाट्याची शेतं. हिवाळा असा की दारातून फेकलेलं पाणी जमिनीला लागायच्या आत गोठावं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, सांधे जोडले, पोटात हवा भरली आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. मग मला इथे आणलं, तळघरात ठेवलं, आणि त्यानंतर समोरची भिंत बांधली. लग्न होऊन आलेल्या मुलीसारखी आत आले आणि मागे दार लागलं.

माझ्या तळातून एक बारीक तांब्याची नळी शेजारच्या बंबाकडे जाते. बंब माझं तेल जाळून पाणी तापवतो आणि ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं. डोक्यावर काचेची छोटी नळी आहे, तिच्यात लाल चकती. पोट भरलेलं असलं की चकती वर, तेल उतरलं की खाली. मला तोंड नाही. जे काही सांगायचं ते त्या चकतीनेच. भिंतीतून माझे दोन नळ बाहेर अंगणात जातात. एकातून टँकरवाला तेल भरतो, दुसऱ्यातून हवा बाहेर पडते आणि पडताना शिट्टी वाजते. शिट्टी थांबली की टाकी भरली.

घराची ऊब अशी माझ्या पोटातून जाते. पण कौतुक कोणाचं? वरच्या चुलीचं!

ती ओतीव लोखंडाची, लाकूड खाणारी, लेओनीदच्या आजीपासून चालत आलेली. घरात तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज मऊ होई. झेलिया तिला काळं पॉलिश लावून चकाकत ठेवी. तिच्यावर प्लोय भाजली जात, म्हणजे कुट्टूच्या पिठाची जाळीदार घावनं. पोरं लहान होती तेव्हा त्यांचे ओले हातमोजे तिच्याभोवती वाळत. आणि झेलिया मरियामातेची गाणी म्हणे ती तिच्यासमोर उभी राहून. काय गळा होता! फळ्यांच्या फटींतून ते सूर खाली झिरपत आणि माझ्यातलं तेलसुद्धा स्तब्ध होई. देवाचं नाव सगळ्यांसाठी असतं, हे मला कळतं मित्रांनो. ऊन जसं महालावर पडतं तसंच गोठ्यावर. तरीही माझ्या मनात येई, ही गातेय ती तिच्यासाठी. माझ्यासाठी नाही.

सवतीमत्सर म्हणतात तो हाच. माझ्याविषयी वर कधी काही बोलणं झालंच तर एवढंच : “खाली तेलाचा वास येतोय का गं?”

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दिवसभर घर म्हातारी तापवी, पहाटे मी. त्यामुळे आमच्याकडे तेल कमी लागे. तेलकंपनी थंडी किती पडली ते पाहून अंदाज बांधते आणि न बोलावता टँकर पाठवते. त्या अंदाजात म्हातारीचा वाटा धरलेला होता. टँकर आपणहून येई, म्हणून माझ्या चकतीकडे बघायची कोणाला गरजच पडली नव्हती.

एका वर्षी बटाटे काढायच्या दिवसांत लेओनीद साठवणघराच्या शिडीवरून पडला. खुबा मोडला. घरी आला तो चौपायी काठी टेकत. डॉक्टरांनी बजावलं, लाकूड उचलायचं नाही. झेलियाचे गुडघे तर आधीच कुरकुरत होते. त्यांची मुलगी कोलेट दूरच्या बँगोर शहरातून आली आणि तिने स्वयंपाकघरातच निकाल सांगितला.

“पपा, ऐका. इथे राहायचंय? राहा. पण या हिवाळ्यात घर एकदा जरी गार पडलं, तर मी तुम्हा दोघांना गाडीत घालून नेणार.”

“बँगोरला? तुझ्या त्या खुराड्यात?” लेओनीद म्हणाला. “त्यापेक्षा मला बर्फात पुरून ठेव. वसंतात काढ.”

“मस्करी नकोय पपा.”

“मस्करी कोण करतंय? नदी दिसल्याशिवाय तुझ्या आईच्या घशाखाली कॉफी उतरत नाही.”

झेलियाने भांडी जरा जोरात आदळली.

अशी म्हातारी विझली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण कित्येक वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. आता मी एकटी! दिवसा मी, पहाटे मी, सगळ्या खोल्यांत मी. आता तरी कोणी म्हणेल, वा गं टाकी.

पण त्या खोऱ्यात माणसाची पत त्याच्या लाकडाच्या थप्पीवरून आणि धुरांड्यावरून ठरते. ज्याच्या धुरांड्यातून धूर नाही तो माणूस संपला, असं मानतात. रविवारी सकाळी लोक चर्चला निघाले की लेओनीद बेचैन होई.

“झेलिया, पेटव ना थोडं काहीतरी.”

“काय पेटवू? तुझी टोपी?”

“पुठ्ठे आहेत की! गार धुरांडं बघितलं तर लोक म्हणतील, गेला डेगल कामातून.”

“आणि धूर बघितला की काय म्हणतील? डेगलचे पुठ्ठे गेले?”

तरी ती पेटवी. नवऱ्याचा पडलेला चेहरा तिला बघवत नसे.

एका रविवारी शेजारीण ओरोर आली. बाई जिभेची तिखट, मनाची गोड. आल्या आल्या ती म्हातारीसमोर जाऊन उभी राहिली. हात पसरले असतील, कारण लगेच म्हणाली, “आहाहा! लाकडाची ऊब ती लाकडाचीच. तेलाची ऊब हाडापर्यंत जातच नाही बघ.”

“मॅपलचं लाकूड आहे,” लेओनीद म्हणाला. “चांगलं वाळलेलं.”

मित्रांनो, त्या क्षणी बंब माझ्या पोटातून घोटामागून घोट ओढत होता. ओरोरच्या हाडांत जे काही शिरत होतं ते माझं होतं! ती गेल्यावर झेलिया म्हणाली, “मॅपल म्हणे. बिस्किटांचा खोका होता तो.” जिवंत सवत परवडली, पण विझलेल्या सवतीला माझ्या कमाईवर मिरवताना ऐकणं फार अवघड.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ऑल सेंट्सच्या सणाच्या सुमारास टँकर येऊन गेला होता. जेर्वे हा आमचा नेहमीचा टँकरवाला. मला काठोकाठ भरून तो दाराशी आला.

“काका, म्हातारी पेटलीय ना यंदा? काही बदल असेल तर आत्ताच सांगा. मी ऑफिसात कळवतो, पुढची खेप लवकर लावतील.”

“पेटलीय ना म्हणजे? धूर दिसत नाही तुला?”

झेलियाचा डाव भांड्यात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

ख्रिसमस आला, गेला. थंडी अशी वाढली की घराच्या भिंती कडकड बोलू लागल्या. माझी चकती अर्ध्यावर आली. मग पाव हिश्श्यावर. जिन्याकडे कान लावून मी वाट पाहत होते. एकाने तरी उतरावं, एकदा तरी काचेकडे बघावं. बाहेर ओरडून सांगावं तर शिट्टी वाजते ती भरताना. रिकामं होताना मला आवाज नाही.

सहा जानेवारी, तीन राजांच्या सणाचा दिवस उजाडला. त्या दिवशी दुपारी कोलेट सणाचा केक खायला येणार होती, आणि आईबापांचं कसं चाललंय ते बघायलाही. सकाळी बंब खोकला, थरथरला आणि बंद पडला.

थोड्या वेळाने जिना करकरला. झेलिया कठड्याला धरून, आडवी होत, एकेक पायरी उतरली. तिने काच पाहिली. मग माझ्या कुशीवर बोटांनी वाजवलं. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला. “मरियामाते,” ती पुटपुटली, “आजच का गं?”

ती वर गेली.

“लेओनीद, टाकी कोरडी पडलीय.”

“चकती अडकली असेल.”

“वाजवून बघितली मी. थेंब नाही.”

“मग पेटव पुठ्ठे! कोलेट यायच्या आत...”

“पुठ्ठ्यांनी नळातलं पाणी गोठायचं थांबतं का रे?”

बाहेरचं दार उघडलं. बर्फावरून घसरगाडी ओढल्याचा आवाज आला, लाकडाच्या थप्पीपर्यंत नि परत, पुन्हा पुन्हा, आणि मधे झेलियाची धाप. मग म्हातारीच्या पोटात खरी लाकडं पडली आणि ती धडधडू लागली. ऐन वेळी मी कोरडी आणि घर राखायला ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी जेर्वेला फोन लावते,” झेलिया म्हणाली.

“सांग, टाकी गळली म्हणून.”

“गळली?” तिचा आवाज एकदम चढला. “चाळीस वर्षांत त्या टाकीने जमिनीवर एक डाग पाडला नाही! दोन महिने तिची ऊब तू चुलीच्या नावावर खपवलीस, तेव्हा मी गप्प बसले. आता वर तिच्यावर आळ घेतोस? हे पाप मी नाही करणार. घे, तूच बोल.”

मित्रांनो, ते ऐकून माझा रिकामा पत्रा आतून तापला.

मग चौपायी काठी टकटक करत फोनपर्यंत गेली.

“जेर्वे, मी लेओनीद. टाकी रिकामी झालीय... नाही, तुमची चूक नाही. चूल मी पडलो तेव्हापासून बंद आहे. तो धूर पुठ्ठ्यांचा होता... हस, हस. हसून झालं की ये.”

जेर्वे आला. त्याने तेल भरलं आणि तळघरात उतरला. टाकी तळापर्यंत रिकामी झाली की वर्षानुवर्षांचा गाळ नळीत ओढला जातो आणि मागोमाग हवा शिरते. त्याने तुंबलेली गाळणी बदलली आणि नळीतली हवा काढली. फेसाळ तेल डब्यात थुंकत थुंकत सरळ धार लागली. बंबाने पेट घेतला.

तेवढ्यात वर कोलेट पोचली.

“वा! म्हातारी काय तापलीय! मी उगाच काळजी करत होते.”

सगळं झाकून जायला तेवढं वाक्य पुरेसं होतं. झेलियाच्या केक कापायच्या सुरीचा आवाज येत होता, तो तिथेच थांबला.

“कोलेट,” लेओनीद म्हणाला, “म्हातारी आज सकाळीच पेटलीय. इतके दिवस घर तेलावर होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही, म्हणून तेल संपलं. आज घर गार पडलं.”

“म्हणजे मी म्हटलं होतं तेच झालं.”

“झालं.”

कोलेट खाली आली. जेर्वे हात पुसत होता.

“पुन्हा होईल असं?” तिने विचारलं.

“खरं सांगितलं तर नाही होणार. काका म्हणाले चूल आहे, आम्ही अंदाजात चूल धरली. आता नाही धरणार. पण कोणीतरी ही काच बघत राहायला हवी. चकती पाव हिश्श्याच्या जवळ आली की टँकरची वाट बघत बसायचं नाही, फोन करायचा.”

ती जिन्यातूनच वर ओरडली, “दर रविवारी मी फोन करणार, पपा! पहिला प्रश्न, चकती कुठे आहे? तुम्हा दोघांना धड उतरता येत नाही. चर्चहून येताना ओरोर उतरेल.”

“ओरोर?” लेओनीद किंचाळला. “म्हणजे सगळ्या गावाला कळेल!”

“कळू दे. नाहीतर बँगोर.”

वर चौपायी काठी दोनदा जमिनीवर आपटली.

“सांग तिला,” लेओनीद शेवटी म्हणाला. “ओरोरला सांग.”

म्हणून ती दोघं अजून नदीकाठीच आहेत. रविवारी ओरोर खाली येते, काचेला नाक लावते आणि वर हाक देते, “अर्ध्याच्या खाली गं झेलिया!” पहिल्यांदा आली तेव्हा मात्र हाक द्यायच्या आधी ती माझ्याकडे बघत राहिली. “अगंबाई,” म्हणाली, “त्या दिवशी माझी हाडं शेकलीस ती तू होय!”

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल, न दिसणारं, न बोलणारं, ज्याच्या जिवावर सगळे उबेत बसतात. त्याच्याकडे अधूनमधून जाऊन बघा. ते तळाला लागेपर्यंत थांबू नका. घरातलं काही बदललं तर भरणाऱ्याला खरं ते सांगा, आणि एकाची ऊब दुसऱ्याच्या नावावर मांडू नका. लेओनीद आता पाहुण्यांना माझं नाव सांगतो. माझा मत्सर गेला असं मात्र समजू नका, तो लोखंडातल्या गंजासारखा, घासला तरी कोपऱ्यात उरतोच. तेव्हा कधी खाली उतरलात, तर तेवढा वेळ वरच्या चुलीचा विषय काढू नका.