सहीच्या बदल्यात मिळालेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझ्या अंगावर एका औषध कंपनीचं नाव छापलेलं होतं. आता त्यातली दोन-तीन अक्षरंच उरली आहेत, आणि कंपनी तर तेवढीही उरलेली नाही. माझ्यात ओतलेला चहा दुपारपर्यंतसुद्धा गरम राहत नाही. त्यात माझा दोष नाही, मला घडवलंच तसं.

तैवानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मी तयार होत असताना एक गृहस्थ पाहणीला आले. कारखानदारानं विचारलं, "साहेब, पत्रा दुहेरी लावू का? चहा संध्याकाळपर्यंत गरम राहील." गृहस्थ हसले. "चहाशी मला काय करायचंय? वरून चकचकीत ठेव म्हणजे झालं. आणि सभेच्या आधी माल पोचला पाहिजे." तेव्हा मला काही कळलं नाही, पण मनात पाल चुकचुकली.

च्यायी गावातल्या एका वह्या-पेनांच्या दुकानात आमची खोकी उतरली. बाहेर रांग लागलेलीच होती. आमच्याकडे दर वर्षी वार्षिक सभांच्या आधी ती लागते. ज्याच्याकडे कंपनीचा एक जरी शेअर असेल, त्याच्या घरी सभेची चिठ्ठी येते. तिच्यावर सही करून ती दुकानात द्यायची आणि भेटवस्तू घेऊन जायची. कधी साबण मिळतो, कधी छत्री, कधी तांदळाची पिशवी. या सहीनं आपण सभेतलं आपलं मत दुसऱ्याच्या हवाली करतो, असं त्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. पण ते वाचत कोण बसतो? पुढचा सरकला की आपणही सरकायचं.

त्या रांगेतून स्वी-लिएनबाई मला घरी घेऊन आल्या. बाई शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांचे यजमान याच कंपनीत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरत, आणि पगारासोबत मिळालेले शेअर ते मागे ठेवून गेले होते. खाली दुकान आणि वर खोली, अशी बाईंची भाड्याची जागा होती. मालक ती विकायला निघाला होता आणि जुनी भाडेकरू म्हणून आधी बाईंनाच त्यानं विचारलं होतं. शेअर विकले तर जागा बाईंची होणार होती. लेक बी-हुन रोज मागे लागली होती, "आई, उद्या विक गं. जागा कुणाची वाट बघत नाही."

बाई सकाळी मला घेऊन शेअरदलालाच्या हॉलमध्ये जाऊन बसायच्या. तिथे भावाचा मोठा फलक होता. आमच्याकडे लाल म्हणजे भाव चढला आणि हिरवा म्हणजे पडला, म्हणून आकडे लाल झाले की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे चेहरे खुलायचे, हिरवे झाले की उतरायचे. बाईंच्या शेजारची खुर्ची को गुरुजींची. ते निवृत्त गणित शिक्षक होते.

"विकतेस? वेडी आहेस का, स्वी-लिएन?" गुरुजींनी कॅल्क्युलेटर काढला. "कंपनी बाजारात आली त्या दिवशी शेअर घेऊन कुणी नुसता झोपून राहिला असता ना, तर आज त्याचं चार मजली घर उभं असतं! अजून दहा वर्षं धर. एक जागा काय घेऊन बसलीस, अख्खी आळी घेशील."

"मग तुम्ही का नाही झोपलात, गुरुजी?"

"दुप्पट झाले आणि विकून बसलो! अजून हात चोळतोय. म्हणून तर सांगतो." मग त्यांनी मला उचलून टिचकी मारली. "आणि हे बघ. गेल्या वर्षी कागदी रुमाल दिले होते, यंदा स्टीलचा थर्मास! कंपनी जोरात आहे, बाई."

बाईंनी मला पदरात घेतल्यासारखं मांडीवर घेतलं. त्या दिवशी त्यांनी शेअर विकले नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मला कंपनीनं दिलेलंच नाही, कारखान्यात आलेल्या त्या गृहस्थांनी, सह्या गोळा करून कंपनी ताब्यात घ्यायला दिलं आहे. पण थर्मासचं कोण ऐकतो?

सभा झाली. गोळा केलेल्या सह्यांचा गठ्ठा घेऊन ते गृहस्थ अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले आणि जुने संचालक घरी गेले. मग फलक हिरवा व्हायला लागला. गुरुजी म्हणाले, "थोडं खाली यायचंच. धीर धर." पुढे बाटल्या भरायची यंत्रं विकली गेली. कारखान्याची जमीन त्या गृहस्थांच्याच मेव्हण्यानं मातीमोल भावात घेतली. गुरुजींनी तरीही कॅल्क्युलेटर सोडला नाही. कंपनी आहे तशीच राहील, हे त्यांनी हिशेबात गृहीतच धरलं होतं. एके सकाळी फलकावर कंपनीचं नावच नव्हतं, आणि त्यांनी बाईंकडे बघायचं टाळलं.

शेअरधारकांच्या तोंडाला पानं पुसली गेली. जागा दुसऱ्यानं घेतली. सामान हलवायच्या दिवशी बाई शिलाई मशीनवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुझ्या बाबांनी तिथं जन्म काढला गं. मला वाटायचं, ती कंपनी आपलीच आहे."

"आपलीच होती, आई," बी-हुन म्हणाली. "थोडीशी का होईना, आपली होती. तू सही करून देऊन टाकलीस."

मी तिथेच, टेबलावर होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला उचलून सामानात ठेवलं. त्यांनी मला फेकून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता बाई लेकीच्या घरी गॅलरीत बसून शिवतात. आज गणवेश पोचवायला निघाल्या, तेव्हा मला पिशवीत घातलं. वाटेत तेच दुकान लागलं आणि तशीच रांग.

"मावशी, या ना पुढे!" ओळखीच्या एका बाईनं हाक मारली. "यंदा कढई आहे, झाकणासकट!"

"सही कुणाला देतेयस, वाचलंस का?"

"अहो, माझ्या एका मतानं काय होतंय? कढई बघा, कढई!"

रांगेतले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, रांगेत शिरल्याही नाहीत. एकेकीला थांबवून त्या चिठ्ठीवरचा मजकूर वाचायला सांगत राहिल्या, आणि लोक त्यांना वळसा घालून पुढे जात राहिले.

मित्रांनो, तुमच्या हातात कुणी चकचकीत वस्तू फुकट ठेवली, तर तिच्यावर भुलू नका. आम्हा वस्तूंना चकचकण्याखेरीज काही येत नाही. देणाऱ्याला विचारा, की याच्या बदल्यात माझं काय नेतोस. आणि लवकर विचारा, कारण दुकान उघडलं आहे आणि रांग हलली आहे.