सेप्टिमसचा पन्नासावा

माझा भाऊ सेप्टिमस आणि माझा नवरा इनॉक सतरा वर्षं रंगमंचावर मारामारी करत होते. सगळी खोटी. इनॉक थप्पड उगारायचा, सेप्टिमस पाठमोरा उभा राहून स्वतःच टाळी वाजवायचा नि कोलमडायचा. संडरलंडचे गोदी कामगार पोट धरून हसायचे. खाली पियानोवर मी असायचे.

सतराव्या वर्षीच्या हिवाळ्यात हशा आटला. मग इनॉक खरंच मारू लागला आणि हशा परत आला. सेप्टिमसचे दोन दात गेले, डावा कान बहिरा झाला.

"गप्प का बसतोस?" मी त्याला विचारलं.

"इथे माझ्यावर हात दमला, तर घरी तुला तरी..." माझ्या दंडावरचे वळ त्याने पाहिले होते.

सेप्टिमसच्या पन्नासाव्या वाढदिवशी दुपारचा खेळ होता. शेवटी थिएटरच्या मालकाने मेणबत्त्या लावलेला केक मंचावर पाठवला. टाळ्यांनी छत दणाणलं.

"फुंक, म्हाताऱ्या!" इनॉक म्हणाला.

सेप्टिमस वाकला. इनॉकने मानगूट धरून त्याचं तोंड केकवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. खालचं ताट लोखंडी होतं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. साखरेच्या पांढऱ्या थरावर रक्त पसरलं. लोक हसतच होते.

माझी बोटं थांबली. इनॉक माझ्याकडे वळला. "वाजव की गं! का तुलाही हवाय तुकडा?"

सेप्टिमसने नेपथ्यातलं कोळशाचं फावडं उचललं आणि इनॉकच्या गुडघ्यावर घातलं. इनॉक किंचाळत पडला. दुसरा घाव त्याच गुडघ्यावर. हशाचा कल्लोळ उठला. मग फावडं डोक्याच्या वर गेलं.

मी धावत मंचावर चढले आणि सेप्टिमसच्या हाताला लोंबकळले. "बास, सेप! फासावर जाशील!"

त्याने फावडं खाली टाकलं. तेव्हा कुठे गॅलरी शांत झाली. एक बाई ओरडली, "अरे, खरं रक्त आहे ते!"

इनॉकचा पाय कायमचा आखडला. कोर्टात मी बाही वर करून न्यायाधीशांना दंड दाखवला. सेप्टिमसला चारच महिन्यांची कैद झाली. इनॉककडे मी परत गेले नाही.

आता व्हिटबीला आम्ही दोघं मासे तळून विकतो. सेप्टिमस गिऱ्हाइकांशी फारसा बोलत नाही. गेल्या वर्षी मी त्याला वाढदिवसाला केकऐवजी टोपी दिली. दिवसभर ती त्याने डोक्यावरून काढली नाही.